मुक्या जिवाचे दुखणे आणि आपली दया
(द्वितीय वर्ष, कला)

संत नामदेवांची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. कुत्र्याने पोळी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. कोरडी पोळी त्याच्या घशाशी अडकू नये म्हणून! आपल्या लोकांच्या अंगची ही दया अजून आटलेली नाही. फरक एवढाच की, आज त्या वाटीत तुपाऐवजी कधीकधी गोळी असते. तुपाने कोणी मरत नाही, गोळीने मरू शकते.

कुत्र्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्याला दिली जाणारी वेदनाशामक औषधे आणि त्यांचे दुष्परिणाम, हा माझ्या लेखाचा विषय आहे. तो ऐकून वसतिगृहातील मित्र हसले. "अरे, तू कला शाखेचा की ढोरांच्या दवाखान्याचा?" असेही एकाने विचारले. पण मित्रहो, हा प्रश्न केवळ वैद्यकाचा नाही. तो भाषेचा आहे, वाचनाचा आहे, आणि म्हणूनच तो आपलाही आहे.

एक काळ असा होता की, जनावराला वेदना झाल्या तर ते बऱ्यासाठीच होते, कारण दुखले की ते गप्प पडून राहते आणि टाके लवकर भरतात, असे पशुवैद्यही मानीत. आता शास्त्राने ही समजूत सोडून दिली आहे. वेदनेत असलेले कुत्रे खात नाही, झोपत नाही, जखम चाटून चाटून टाके उसवते. म्हणून शस्त्रक्रियेनंतर वेदनाशामक द्यावे, हे आज सर्वमान्य आहे. ही दया योग्यच आहे. पण प्रत्येक औषधाला दोन बाजू असतात.

शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. जखमेच्या ठिकाणी ती सूज आणि वेदना वाढवतात. पण तीच द्रव्ये जठराच्या आतल्या अस्तराचे रक्षण करतात आणि मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा सांभाळतात. मेलॉक्सिकॅम, कार्प्रोफेन यांसारखी औषधे ही द्रव्ये कमी करतात. वेदना थांबते, पण पहारेकरीही हटतो. मग काही कुत्र्यांना उलट्या होतात, जुलाब होतात, अन्नावरची वासना जाते. जठरात व्रण पडून रक्त गेले तर विष्ठा डांबरासारखी काळी येते. तहान आणि लघवी वाढली किंवा डोळे पिवळे दिसले, तर मूत्रपिंडाची वा यकृताची शंका घ्यावी. भुलेच्या वेळी रक्तदाब उतरलेला असेल, कुत्रे म्हातारे असेल किंवा त्याच्या पोटात पाणी नसेल, तर धोका अधिक. म्हणून आधी रक्त तपासणे, गोळी खाण्याबरोबर देणे, आणि अशी दोन औषधे किंवा त्यांच्या जोडीला स्टिरॉइड कधीही न देणे, हे नियम आहेत. अफूच्या जातीची वेदनाशामके वेगळी. त्यांनी कुत्रे सुस्तावते, बद्धकोष्ठ होते, कधी उगाच कण्हत राहते. ते कण्हणे वेदनेचे की औषधाचे, हे घरच्या माणसाला कसे कळावे?

येथेच आपली दया घसरते. "माणसाला चालते ते कुत्र्याला का चालू नये?" असे आपण म्हणतो. हिशेबच करून पाहू. १५ किलो वजनाच्या कुत्र्याला मेलॉक्सिकॅम पहिल्या दिवसानंतर रोज दीड मिलिग्रॅमच्या आसपास पुरते. माणसांच्या दुकानातील गोळी साडेसात किंवा १५ मिलिग्रॅमची असते. म्हणजे एक गोळी ही पाच ते दहा दिवसांची मात्रा झाली! आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक तर कुत्र्याला देऊच नयेत. घरात मांजर असेल तर पॅरासिटामॉलची एक गोळीही तिचा जीव घेऊ शकते.

एका जिवाचे औषध दुसऱ्याचे विष कसे होते, याचा सर्वांत मोठा धडा आपल्या देशानेच घेतला आहे. गावाबाहेर मेलेले ढोर टाकले की आकाश गिधाडांनी भरून जाई, असे आपल्या घरचे वडीलधारे सांगतात. आपल्या पिढीने ते पाहिलेले नाही. दुखणाऱ्या बैलाला दयेपोटीच डायक्लोफिनॅकचे इंजेक्शन दिले जाई. त्याला आराम पडे. पण तो मेल्यावर त्याचे मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारात एक इतकीच उरली. २००४ साली कारण उघडकीस आले आणि २००६ साली सरकारने जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकच्या उत्पादनावर बंदी घातली. मेलॉक्सिकॅम गिधाडांना अपाय करीत नाही असे दिसल्याने त्याची शिफारस झाली. या सगळ्यात वाईट हेतू कोणाचाच नव्हता. होते ते अज्ञान.

हेच अज्ञान लहान प्रमाणात मी धुळे जिल्ह्यातील आमच्या गावी पाहिले. आमच्या गल्लीतील एका काकांचे कुत्रे रात्री कापसाच्या राखणीला असे. हमरस्त्यावर गाडीखाली त्याचा पाय मोडला. काकांनी टेम्पोत घालून शहरात नेले, पदरचे पैसे खर्चून शस्त्रक्रिया केली. घरी आणल्यावर डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या सुरू होत्या. तरी रात्री ते विव्हळे. काका स्वतःच्या कंबरदुखीसाठी गोळ्या घेत, त्यांतली एक-एक तेही त्याला देऊ लागले. तिसऱ्या दिवशी त्याने अन्न सोडले, चौथ्या दिवशी काळी विष्ठा सुरू झाली. मी सुटीसाठी गावी गेलो तेव्हा काकांनी चिठ्ठी माझ्या हाती दिली आणि म्हणाले, "दुखी ऱ्हायनं व्हतं रे भाऊ, म्हनीसन मनी गोई दिधी."

चिठ्ठीवर सर्व काही लिहिलेले होते. दिवसातून एकदा, खाण्यानंतर, दुसरी वेदनाशामक गोळी देऊ नये, उलटी किंवा काळी विष्ठा झाल्यास औषध थांबवून त्वरित दाखवावे. सर्व काही होते, पण इंग्रजीत! काकांच्या घरात ते वाचणारे कोणी नव्हते. त्याच संध्याकाळी कुत्र्याला परत नेले. दोन दिवस सलाईन लागली आणि ते वाचले. ज्यांच्या गल्लीत इंग्रजी वाचणारे पोर सुटीत येत नाही, त्यांच्या कुत्र्यांचे काय होत असेल?

दोष मी डॉक्टरांना देत नाही. दिवसभर त्यांच्या दारी रांग असते. काकांना तर मुळीच नाही. अमेरिकेत १९९६ साली कार्प्रोफेनला कुत्र्यांसाठी मंजुरी मिळाली. पुष्कळ कुत्र्यांना आराम पडला. पण काहींची यकृते बिघडली, काही दगावलीही, आणि तक्रारी तेथील औषध प्रशासनाकडे पोचल्या. तेव्हा औषध बंद झाले नाही. गोळ्यांबरोबर मालकाच्या हाती साध्या भाषेतील माहितीपत्रक देण्याची पद्धत सुरू झाली. कोणती लक्षणे दिसताच औषध थांबवावे, हे त्यात लिहिलेले असते. इंग्रजी ज्यांची घरची भाषा, त्यांनाही सोप्या भाषेतील कागद लागला. मग आपल्याला मराठी कागद नको का?

कोणी म्हणेल, माणसांना औषधे मिळत नाहीत तेथे कुत्र्यांचे कौतुक कशाला? मला हा आक्षेप खोटा वाटत नाही. गावाकडे माणसांच्या हातीही तीच न वाचता येणारी चिठ्ठी असते. पण माणूस निदान "पोटात जळतंय" असे सांगू शकतो. ज्ञानदेवांनी रेड्याच्या मुखी वेद वदवले म्हणतात. आपल्याला ते साधणार नाही. मुक्याच्या वतीने पाहणे, विचारणे आणि वाचणे मात्र आपल्याला साधेल. जो कुत्र्याची चिठ्ठी नीट वाचायला शिकेल, तो आपल्या आजीचीही वाचील.

म्हणून माझे दोन विचार मांडतो. पहिला असा की, जळगाव-धुळ्याच्या प्रत्येक पशुदवाखान्यात शस्त्रक्रियेनंतर मराठीत छापलेला एक कागद मिळावा. औषध किती, किती दिवस, काय देऊ नये, काय दिसताच थांबावे, एवढ्या चार ओळी पुरेत. भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीनंतर त्यांना सांभाळणाऱ्यांच्या हातीही तो असावा. दुसरा असा की, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. त्याच शिबिरात अशी पत्रके पशुवैद्यांकडून तपासून घेऊन घरोघर वाचून दाखवावीत, आणि आवश्यक तेथे अहिराणीत सांगावीत. याला पैसा लागत नाही.

आपल्यापैकी कित्येकजण घरातील पहिलेच शिकणारे आहोत. "बी. ए. होऊन काय करणार?" हा प्रश्न आपल्याला रोज ऐकावा लागतो. नोकरीचे उत्तर माझ्यापाशी आज नाही. पण गल्लीतील माणूस विश्वासाने चिठ्ठी पुढे करतो, तेव्हा ती नीट वाचून त्याच्या बोलीत समजावून सांगणे, एवढे तरी या शिक्षणाने आपल्याकडून व्हावे. दया आपल्या लोकांपाशी भरपूर आहे. तिला अक्षरओळख करून देण्याचे काम आपले आहे.