माळ्यावर काय, हाताशी काय?

घर आवरताना घंगाळं माळ्यावर जातं, कढई हाताशी राहते. पण लॉकरची किल्ली? वर्षातून एकदाच लागते, तरी ती माळ्यावर टाकत नाही आपण!

जागा वाचवायची सोय चालू असली की काही मोबाईल मात्र फोटो किती उघडला जातो एवढंच बघतात. क्वचित उघडलेल्याची मूळ प्रत इंटरनेटवरच्या साठ्यात, आणि कालचा ‘शुभ सकाळ’चा गुलाब हाताशी.

बचत गटातल्या बायकांचं बघते ना मी. नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला कोण हौसेनं उघडून बघतं? पण वारसनोंदीच्या वेळी खिडकीपाशी तोच लागतो आणि नेमकी रेंज नसते. त्यात गूगलचा २०२३ पासूनचा नियम असा, की दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं आतल्या फोटोंसकट पुसलं जाऊ शकतं. कित्येकींचं खातं तर मुलानं नाहीतर दुकानदारानं उघडून दिलेलं!

गुलाबांची छाननी मोबाईलनं खुशाल करावी. दाखल्यांचं फोल्डर मात्र आपणच निवडावं, फोनमध्येच ठेवावं, एक प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी. डिजिलॉकरमधून काही सरकारी कागद पुन्हा मिळतात, सगळे नाहीत. आणि पासवर्ड मुलाला विचारून आजच आपल्या वहीत उतरवून घ्या.