हुतात्म्यांच्या यादीत वेशीबाहेरची नावे कुठे आहेत?

दरवर्षी १७ सप्टेंबरला हिंगोली जिल्ह्यात ध्वजवंदन होते, हुतात्म्यांना अभिवादन केले जाते. १९४८ साली याच दिवशी निजामाने शरणागती पत्करली. वसमत तालुक्यातील वापटीचे बहिर्जी शिंदे या मुक्तिलढ्यात आजेगावच्या लढाईत हुतात्मा झाले. वसमतचे महाविद्यालय आज त्यांच्या नावाने ओळखले जाते. या वीराला आमचेही विनम्र अभिवादन!

परंतु लढा केवळ बंदुकीवर चालत नाही. पैनगंगेपलीकडचा वऱ्हाड भारतात होता. रात्री सरहद्द ओलांडून गावात कोण आले, कोण गेले, हे आधी कोणाला कळणार? वेशीवर राखण करणाऱ्या महारवाड्यातील येसकराला! त्याने एक शब्द बाहेर काढला तर माणसे पकडली जाणार. जिथे जिथे तो गप्प राहिला, तिथे त्याचे मौन हाही लढाच होता. त्याचे नाव कोणत्या स्तंभावर आहे?

दलित समाज निजामाचा पाठीराखा होता, असा शिक्का आजही सर्रास मारला जातो. काही पुढारी निजामाच्या गोटात गेले, हे आम्ही लपवत नाही. पण बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४७ मध्येच पत्रक काढून बजावले होते की, हैदराबादेतील अस्पृश्यांनी निजामाची आणि इत्तेहादची बाजू घेऊ नये. हे पत्रक १७ सप्टेंबरच्या किती भाषणांत ऐकू येते?

फ्रान्सकडे पाहा. मिसाक मानुशियान हा आर्मेनियन निर्वासित, कारखान्यातला कामगार. अर्ज करूनही त्याला फ्रान्सचे नागरिकत्व मिळाले नाही. तरी तो हिटलरच्या फौजेशी लढला. २१ फेब्रुवारी १९४४ रोजी नाझींनी त्याला साथीदारांसह गोळ्या घातल्या. हे परके गुन्हेगार आहेत, अशी लाल भित्तिपत्रकेही लावली. बरोबर ८० वर्षांनी, २१ फेब्रुवारी २०२४ रोजी, फ्रान्सने त्याला राष्ट्रपुरुषांच्या पॅन्थिऑनमध्ये नेले आणि त्याच्या साथीदारांची नावेही तिथे कोरली.

फ्रान्सला जे ८० वर्षांनी सुचले, ते मराठवाड्याला कधी सुचणार? १९४८ साली दहा वर्षांची असलेली मुले आज नव्वदीच्या घरात आहेत. त्यांच्याबरोबर आठवणीही जातील. शासनाने गावनिहाय नोंद करावी, ही आमची मागणी आहे. पण तोवर आमच्या तरुणांनी हातावर हात ठेवून बसू नये. वही-पेन घ्या, वस्तीवरच्या म्हाताऱ्या माणसांकडे बसा, ऐका, लिहून काढा. आपला इतिहास आपण लिहिला नाही, तर दुसरे तो आपल्याला वगळूनच लिहितील.