हुकमाचा एक्का आधी की मागून?



ढोकीहून आलेले एक पत्र या पंधरवड्यात बराच काळ टेबलावर होते. पत्रलेखकाचे वडील ७१ वर्षांचे आहेत. कंबर धरते म्हणून सुरू झालेल्या तपासण्या पुरःस्थ ग्रंथीच्या, म्हणजे प्रोस्टेटच्या, कर्करोगापाशी येऊन थांबल्या. रोग कण्याच्या हाडांत पोहोचला आहे. डॉक्टरांनी संप्रेरक रोखणाऱ्या इंजेक्शनला आरंभापासूनच दुसऱ्या औषधाची जोड द्यावी असे सुचवले. एका वैद्यकीय चाचणीत सहभागी व्हाल का, असेही विचारले. घरात त्यावरून दोन तट पडले. थोरले चुलते म्हणतात, “सगळी औषधे एकदम वापरलीत तर पुढे हातात काय उरेल? जोरकस औषध राखून ठेवा.” आईंचे म्हणणे, “आपल्या माणसावर प्रयोग नकोत.” पत्राच्या शेवटी बारीक अक्षरात एक ओळ आहे : वडिलांना आजाराचे नाव अद्याप सांगितलेले नाही.

चुलत्यांचे म्हणणे अडाणीपणाचे नाही. दहा-बारा वर्षांपूर्वीपर्यंत कर्करोगतज्ज्ञही असेच वागत. हा रोग पुरुषी संप्रेरकावर पोसतो हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवले. त्या कार्यासाठी १९६६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हापासून अंडग्रंथी शस्त्रक्रियेने काढून टाकणे किंवा इंजेक्शनाने संप्रेरक थांबवणे हा उपचाराचा पाया राहिला आहे. वेदना ओसरतात, रक्तातील पीएसए खाली येते आणि घरात हायसे वाटते. परंतु बहुतेकांच्या बाबतीत काही काळाने रोग अत्यल्प संप्रेरकावरही तग धरू लागतो. त्या टप्प्यावर डोसेटॅक्सेल हे केमोथेरपीचे औषध आयुष्य वाढवते हे २००४ मध्ये सिद्ध झाले, आणि ते त्याच टप्प्यासाठी राखून ठेवण्याची रीत पडली.

ही रीत मोडली ती चाचण्यांनी. अमेरिकेतील ‘चार्टेड’ या चाचणीत ७९० रुग्णांचे दोन गट केले. कोणी कोणत्या गटात जायचे हे सोडतीने ठरले. एका गटाला केवळ संप्रेरकरोधक उपचार मिळाला, दुसऱ्याला त्यासोबत प्रारंभीच डोसेटॅक्सेलचे सहा डोस. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या गटातील निम्मे रुग्ण ४४ महिन्यांहून अधिक जगले, तर दुसऱ्या गटात हाच आकडा ५७.६ महिने होता. फरक सुमारे एका वर्षाचा. रोग ज्यांच्या शरीरात अधिक पसरला होता त्यांना लाभ विशेष स्पष्ट झाला. ब्रिटनमध्ये २००५ पासून चाललेल्या ‘स्टॅम्पीड’ या विशाल चाचणीनेही हीच दिशा दाखवली. २०१७ मध्ये ॲबिराटेरोन या गोळीविषयी दोन चाचण्यांनी तसाच कौल दिला : आरंभीच जोड द्यावी.

असे का व्हावे? गाठीतील सर्व पेशी एका वळणाच्या नसतात. काही आरंभापासूनच संप्रेरकावाचून जगू शकतात, आणि एकट्या इंजेक्शनाला त्या दाद देत नाहीत. दुसरे कारण अधिक साधे व अधिक कठोर आहे. पुढे वापरू म्हणून राखलेले औषध घेण्याजोगी ताकद पुढे पुष्कळांच्या अंगात उरतच नाही. एक्का हातात राहतो आणि डाव संपतो.

मग जितकी औषधे तितका लाभ, असे म्हणावे काय? मुळीच नाही, आणि येथेच चाचण्यांचे खरे मोल कळते. हाडांत शिरलेल्या रोगावर रेडियम-२२३ उपयुक्त ठरले होते आणि ॲबिराटेरोनही. दोन्ही एकत्र दिल्यास दुप्पट गुण येईल असे कोणालाही वाटावे. ‘इरा-२२३’ या ८०६ रुग्णांच्या चाचणीत नेमके हेच करून पाहिले. जोड-औषध घेणाऱ्यांपैकी जवळपास २९ टक्के रुग्णांची हाडे मोडली; केवळ ॲबिराटेरोन घेणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे ११ टक्के होते. औषध कोणाला मिळते आहे हे झाकून ठेवण्याचा नियम मोडून चाचणी मुदतीआधीच उघड करावी लागली. ‘स्टॅम्पीड’मध्येही ॲबिराटेरोनला एन्झाल्युटामाइडची जोड दिल्याने आयुष्य वाढले नाही, दुष्परिणाम मात्र वाढले. उलट २०२२ च्या ‘अरासेन्स’ चाचणीत इंजेक्शन आणि डोसेटॅक्सेल यांना डारोल्युटामाइड हे तिसरे औषध जोडल्यावर मृत्यूचा धोका सुमारे एक-तृतीयांशाने घटला. कोणती जोडी तारते आणि कोणती मारते हे तर्काने सांगता येत नाही. तर्क दोन्हीकडे सारखाच पटणारा असतो.

आता आईंच्या शंकेकडे येतो. ‘प्रयोग’ हा शब्द अंगावर येतो हे खरे. परंतु अशा चाचण्या काही दूरदेशीच होतात असे नाही. आपल्या धाराशिव जिल्ह्यातच, तो उस्मानाबाद म्हणून ओळखला जात असताना, १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी अभ्यास झाला. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचे टाटा स्मारक केंद्र त्यात सहभागी होते. एचपीव्ही विषाणूची एकदाच केलेली तपासणी या रोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणू शकते, हे त्या अभ्यासातून २००९ मध्ये जगाला कळले. तुलनेच्या गटातील स्त्रियांना चाचणीकाळात ती तपासणी मिळाली नाही, यावर पुढे टीकाही झाली. ती अनाठायी नव्हती. ढोकी परिसरातील एखाद्या मावशी-काकूंना ते दिवस आठवतही असतील. विचारून पाहावे.

कर्करोगाच्या जोड-औषधांच्या चाचणीत तुलनेच्या गटाला सहसा प्रचलित उपचार मिळतोच. तरीही ‘सहसा’ या शब्दावर विसंबू नये. मला दुसरा गट मिळाला तर नेमके काय मिळेल, हे स्पष्ट विचारावे. औषध व तपासण्यांचा खर्च कोण करणार, किती वेळा आणि कोठे यावे लागणार हेही विचारावे. ढोकीहून महिन्यातून दोनदा मुंबई गाठणे हा स्वतःच एक उपचार होऊन बसतो. चाचणी भारताच्या नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये नोंदलेली आहे का आणि तिला नैतिकता समितीची मान्यता आहे का, हे पाहावे. माहितीपत्रक मराठीत मागून घ्यावे. चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाईची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. सहभाग केव्हाही सोडता येतो, आणि सोडल्याने नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत.

चाचणी नको असे ठरले तरी जोड-उपचार होऊ शकतो. ॲबिराटेरोन सुरू झाल्यास शुश्रूषा करणाऱ्यांनी काही गोष्टी जपाव्यात. ही गोळी सामान्यतः उपाशीपोटी घ्यावयाची असते. अन्नाबरोबर ती रक्तात कितीतरी अधिक उतरते. याच गुणाचा आधार घेऊन पाव मात्रा हलक्या न्याहारीसोबत देण्याचा एक छोटा अभ्यास, ७२ रुग्णांचा, २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पीएसएवरील परिणाम तुल्यबळ दिसला. खर्चाच्या दृष्टीने ही वाट मोहाची आहे, पण ती डॉक्टरांनीच ठरवावी. घरच्या घरी गोळी तोडू नये. सोबतची प्रेडनिसोलोनची गोळी एकाएकी बंद करू नये. रक्तदाब, पोटॅशियम, साखर आणि यकृताच्या तपासण्या चुकवू नयेत; पायांवर सूज दिसल्यास कळवावे. केमोथेरपीच्या काळात ताप आला तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. हाडे आधीच ठिसूळ झालेली असतात, म्हणून न्हाणीघरात धरावयास दांडी बसवावी आणि रात्री दिवा असू द्यावा.

राहिली ती बारीक अक्षरातील ओळ. आपण वडिलांना जपता आहात हे समजते. परंतु संमतिपत्रावर सही त्यांची लागणार आहे, आणि आजाराचे नाव ठाऊक नसलेल्या माणसाची सही ही संमती नव्हे. चाचणी बाजूला ठेवली तरी, एक वर्ष अधिक मिळावे म्हणून सहा वेळा केमोथेरपी सोसायची की गोळीवर भागवायचे, याची निवड चुलत्यांनी किंवा आपण करावी असे मला वाटत नाही. पुढच्या भेटीला वडिलांना बाहेरच्या बाकावर बसवू नका. आत सोबत न्या, आणि पहिला प्रश्न त्यांना विचारू द्या.