तो बक्षीस मिळालेला फोटो

मागच्या वर्षी गॅदरिंगच्या फोटो स्पर्धेत दुसरं बक्षीस मिळालेला ‘प्रवास’ आठवतोय? रुळांच्या मधोमध बसलेला पाठमोरा मुलगा आणि पुढे धुक्यात हरवलेले रूळ. तो फोटो माझा, आणि मुलगा माझा रूममेट. (मी कॉन्व्हेंटमधला, शुद्धलेखन सांभाळून घ्या. मुद्दा मात्र ऐका!)

फोटोत न आलेली गोष्ट सांगतो. शेजारच्या रुळावरून मालगाडी धडधडत चालली होती. मी मोबाइलमध्ये डोकं घालून अँगल शोधत होतो. एवढ्यात लाइन तपासत येणारा कीमन जिवाच्या आकांतानं ओरडला, “मागं बघा रे!” आम्ही उड्या मारल्या आणि एक्सप्रेस गेली. मालगाडीच्या आवाजात तिचा हॉर्न ऐकूच आला नव्हता.

रूमवर येऊन हिशोब केला. ताशी १०० किमी म्हणजे सेकंदाला सुमारे २८ मीटर. १० सेकंदांत २८० मीटर! इमर्जन्सी ब्रेक लावला तरी गाडी कित्येकशे मीटर पुढे जाऊनच थांबते. ३०० मीटरवरचं इंजिन आपल्याला करंगळीच्या नखापेक्षा लहान दिसतं. ते सरळ आपल्याकडेच येत असल्यामुळे त्याचा वेग कळत नाही, आणि कळतो तेव्हा उशीर झालेला असतो. उभ्या डब्यावर चढून पोझ देणाऱ्यांनी तर वरच्या वायरमध्ये २५,००० व्होल्ट असतात हे विसरू नये. शॉक बसायला हात लागावाच लागतो असं नाही, नुसतं जवळ जाणं पुरतं.

कायद्याचं म्हणाल तर १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ मध्ये विनापरवाना रुळावर जाण्यासाठी ६ महिन्यांपर्यंत कैद, १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगितलं आहे. जुलै २०२३ मध्ये दूधसागरला रुळावरून निघालेल्या ट्रेकर्सना पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या, तेव्हा आपण सगळे हसलो होतो.

“आमच्या लाइनीवर गाड्याच नसतात” असं काहीजण म्हणतील. टाइमटेबलमध्ये फक्त पॅसेंजर गाड्या असतात, मालगाडी किंवा नुसतं इंजिन कधीही येऊ शकतं. आणि इंजिन चालवणाऱ्याचा विचार करा. त्याला स्टिअरिंग नसतं. हॉर्न आणि ब्रेक, बस्स. पुढचं त्याला बघावंच लागतं, आणि ते जन्मभर त्याच्या डोळ्यांपुढे राहतं.

म्हणून स्पर्धेच्या संयोजकांना विनंती, यंदा रुळावरचे फोटो घेऊच नका. सुरुवात मी करतो. माझं सर्टिफिकेट मी परत दिलंय. त्या कीमनला मात्र आम्ही साधं थँक्यूसुद्धा म्हटलं नाही, ते राहूनच गेलं.