बेंबी सरकली, की महाधमनीचा ठोका?

मानकोली नाक्याच्या आसपास गोदामे वाढली आणि ओझी उचलणारे हातही वाढले. माल चढवता-उतरवता पोटात दुखू लागले, की ‘बेंबी सरकली’ हे निदान ठरलेलेच. कोणी जाणता माणूस बेंबीवर अंगठा दाबून ठोका पाहतो. ठोका मधोमध लागला नाही, की पोट चोळणे आले, नाहीतर पोटावर पेटती पणती ठेवून वर तांब्या पालथा घालणे आले.

ठोका खराच असतो, निदान मात्र खोटे. तो ठोका महाधमनीचा. हृदयातून निघालेली ही मोठी रक्तवाहिनी श्वासपटलातून पोटात उतरते आणि मणक्यांना चिकटून, मध्यरेषेच्या किंचित डाव्या बाजूने खाली जाते. म्हणजे ठोका डावीकडे लागणे हीच नैसर्गिक गोष्ट! सडपातळ माणसाला आडवे पडल्यावर तो सहज जाणवतो. त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

या वाटेत तिला फाटे फुटतात. पहिला आखूड फाटा जठर, यकृत आणि प्लीहेला रक्त देतो. दुसरा लहान आतड्याला व मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला. मग दोन्ही बाजूंना मूत्रपिंडांच्या धमन्या, आणि खाली मोठ्या आतड्याच्या उरलेल्या भागाची धमनी. बेंबीच्या जरा खाली ती दुभंगून दोन्ही पायांकडे जाते. विडी-सिगारेटने या फाट्यांची तोंडे आतून अरुंद होतात. चालताना पोटऱ्या भरून येतात आणि थांबल्यावर उतरतात, ही तक्रार वयाची म्हणून सोडून देऊ नये. जेवल्यावर दर वेळी पोट दुखते, वजन उतरते, त्याचे कारणही कधी कधी इथेच सापडते.

खरी चिंता वेगळी आहे. महाधमनीची रुंदी साधारण २ सेंटिमीटर असते. धूम्रपान, वय आणि रक्तदाब यांनी काहींची भिंत सैल पडून तिचा फुगा होतो. रुंदी ३ सेंटिमीटरच्या वर गेली की फुगा म्हणतात. पुरुषांत साडेपाचच्या पुढे गेल्यास शस्त्रक्रियेचा विचार करतात. फुगा बहुधा दुखत नाही, म्हणून कळत नाही. शास्त्रज्ञ आइनस्टाइन यांच्या पोटातला फुगा १९४८ मध्ये शस्त्रक्रियेत सापडला. त्यावर सेलोफेनचे वेष्टण घातले गेले. १९५५ मध्ये तो फुटला, आणि पुन्हा शस्त्रक्रिया करून घ्यायला त्यांनी नकार दिला.

असे पोट कोणी जोराने चोळावे, हे मला मुळीच पटत नाही. चोळणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण त्याच्या अंगठ्याला रुंदी मोजता येत नाही. सोनोग्राफीला ती काही मिनिटांत येते. ब्रिटनमध्ये पुरुषांना वयाच्या ६५ व्या वर्षी या तपासणीसाठी बोलावतात. आपल्याकडे तशी सरकारी मोहीम नाही, म्हणून विडी-सिगारेट ओढणाऱ्या किंवा पूर्वी ओढलेल्या आजोबांनी डॉक्टरांना आपणहून विचारावे. मुतखड्यासाठी पोटाची सोनोग्राफी होणारच असेल, तर त्याच वेळी महाधमनीची रुंदीही मोजून अहवालात लिहायला सांगावे. अडीअडचणीत फार तर एक ओळ वाढेल.

साठी उलटलेल्या माणसाला एकाएकी पोटात आणि पाठीत असह्य कळ आली, घाम फुटून घेरी आली, तर बेंबी पाहत बसू नये. रक्तवाहिन्यांची शस्त्रक्रिया होते अशा ठाण्याच्या किंवा मुंबईच्या रुग्णालयात आधी फोन करून तडक न्यावे.