कागद पोहोचला, पण…

भाईंदरच्या एका कार्यालयात माझा अर्ज त्रुटीपायी अडकला होता. मागितलेली कराची पावती मी त्याच संध्याकाळी ऑनलाइन जोडली. पंधरवडा उलटला तरी शेरा तोच : 'कागदपत्रे अपूर्ण'. खिडकीशी गेलो, तर बाई म्हणाल्या, ''पावती आलीय की! पण मला कळणार कसं?'' आता बोला! खरं तर त्यांचंही बरोबरच. रोज प्रत्येक अर्ज उघडून कोण पाहणार?

2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यानुसार मुदत सुरू होते ती अर्ज परिपूर्ण झाल्यावर. मग पावती जोडताक्षणी संगणकानेच तारीख नोंदवून फाइल बाईंपुढे का ठेवू नये? पावती खरी की खोटी, हे त्यांनी खुशाल तपासावं. माझी फाइल त्या दिवशी हलली. रजा मात्र एक खर्ची पडली.