वेळेवर सांगितलेले सत्य

स्मरणिकेत मागे वळून पाहण्याची प्रथा आहे. या लेखात मागे पाहायचे आहे ते पुढच्या पिढीसाठी, आणि निमित्त आहे विजेचे.

भंडारदऱ्यात शिकलेल्या विद्यार्थ्याला वीज कोठून येते हे पुस्तकातून समजून घ्यावे लागत नाही. १९२६ साली पूर्ण झालेले प्रवरेवरील विल्सन धरण, त्याच्या पाण्यावर चालणारी वीजगृहे आणि घाटमाथ्यावरचा घाटघरचा २५० मेगावॉटचा प्रकल्प त्याने डोळ्यांनी पाहिलेला असतो. मात्र येथून सरळ रेषेत सुमारे सव्वाशे किलोमीटरवर, पालघर जिल्ह्यात, तारापूरचे अणुवीज केंद्रही आहे. देशातील हे पहिले अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले. पुढे तेथे आणखी दोन अणुभट्ट्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्यासाठी पोफरण व अक्करपट्टी या गावांना आपली भूमी सोडावी लागली. त्या केंद्राशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर चेर्नोबिलने दिले आहे.

२६ एप्रिल १९८६ रोजी पहाटे युक्रेनमधील चेर्नोबिल केंद्राच्या चौथ्या अणुभट्टीचा स्फोट झाला. तो शनिवार होता. अवघ्या काही किलोमीटरवरील प्रिप्यात नगरातील मुले त्या दिवशी नेहमीप्रमाणे शाळेत गेली, कारण कोणीही त्यांना काही सांगितले नव्हते. सुमारे ४९,००० रहिवाशांना हलवण्यास प्रारंभ झाला तो दुसऱ्या दिवशी दुपारी. थोड्या दिवसांसाठी जायचे आहे, असे समजून लोक निघाले. ते पुन्हा तेथे राहावयास आले नाहीत.

हवेतून पसरलेले किरणोत्सारी आयोडीन गवतावर पडले, गाईंनी ते गवत खाल्ले आणि दुधावाटे ते मुलांच्या कंठातील थायरॉइड ग्रंथीत साठले. या आयोडीनची तीव्रता दर आठ दिवसांनी निम्मी होते. म्हणजे काही आठवडे ते दूध टाळले असते, तरी पुष्कळसे टळले असते. तसे झाले नाही. त्या वेळी बाल वा किशोरवयात असलेल्यांमध्ये २००५ पर्यंत थायरॉइड कर्करोगाचे सहा हजारांहून अधिक रुग्ण आढळले. बहुतेकांवरील उपचार यशस्वी झाले, हे खरे. परंतु आजार टाळता येण्याजोगा होता, हेही तितकेच खरे. शेजारच्या पोलंडने काही दिवसांतच एक कोटीहून अधिक मुलांना आयोडीनची मात्रा दिली. एकाच ढगाखालच्या दोन देशांत फरक पडला तो वेळेवर हाललेल्या शासनामुळे.

डोंगराळ भागातील आपण आणखी एक उदाहरण ध्यानी ठेवावे. चेर्नोबिलपासून दोन हजारांहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या वेल्समध्ये त्या दिवसांत डोंगरमाथ्यावर पाऊस पडला आणि पावसाबरोबर किरणोत्सारी सिझियम तेथील कुरणांत उतरले. त्या डोंगरांवरील मेंढ्यांच्या विक्रीवर आलेले निर्बंध उठण्यास २०१२ साल उजाडले. ढग अडवणे आणि पाऊस उतरवणे हा डोंगराचा स्वभावच आहे. रतनगड-कळसूबाईच्या परिसरात राहणाऱ्यांना तो वेगळा सांगावयास नको. येथे पडणारा थेंब पुढे अकोले, संगमनेर, श्रीरामपूरच्या शेतात आणि गोठ्यात पोचतो. याच काळात आयर्लंडहून आलेल्या लोण्यात किरणोत्सार असेल या शंकेने मुंबईतील नागरिकांनी न्यायालयात धाव घेतली होती. तज्ज्ञांच्या अहवालाच्या आधारे ते लोणी सुरक्षित असल्याचा निर्वाळा १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने दिला. भीती निराधार ठरली. पण ती दूर झाली ती तपासणी आणि उघड सुनावणी झाल्यामुळे, हे महत्त्वाचे.

अशा दुर्घटनेची हानी केवळ मृतांच्या आकड्याने मोजणे मला अपुरे वाटते. ११ मार्च २०११ च्या भूकंप व त्सुनामीनंतर जपानमधील फुकुशिमा येथे तीन अणुभट्ट्यांचे गाभे वितळले. तीव्र किरणोत्साराने त्या वेळी कोणी दगावले नाही. मात्र दीड लाखांहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली, आणि स्थलांतराची दगदग, तुटलेले उपचार व खचलेले मन यांमुळे त्या प्रांतात दोन हजारांहून अधिक माणसे, बहुतांशी वृद्ध, मृत्यू पावली. चेर्नोबिलच्या निर्मनुष्य पट्ट्यात आज लांडगे व रानघोडे सुखाने वावरतात. त्याला निसर्गाचा विजय म्हणावयाचे की माणसाच्या गैरहजेरीची खूण? सिझियमला निम्मे होण्यास तीस वर्षे लागतात, प्लुटोनियमला चोवीस हजार. निर्णय घेणारी पिढी जाते, परिणाम राहतात. कारण असेल तर कार्य घडणारच, ही शिकवण ज्या विद्यालयात रोज कानी पडते, तेथील माजी विद्यार्थ्यांस याचा अर्थ उलगडून सांगण्याची गरज नाही.

अणुवीज नकोच, असा माझा आग्रह नाही. कोळशाच्या धुराने चंद्रपूरकरांची काय दशा केली आहे, हे आपण जाणतो. धरणाच्या पाण्याखालीही कोणाची तरी शेते गेली आहेतच. निर्धोक वीज कोणतीच नाही. म्हणूनच धोका पत्करणाऱ्यास तो आधी समजला पाहिजे. रत्नागिरी जिल्ह्यातील जैतापूर येथे ९,९०० मेगावॉटचा प्रकल्प योजला गेला, तेव्हा स्थानिकांच्या शंकांना समाधानकारक उत्तरे मिळण्याआधीच संघर्ष पेटला आणि एप्रिल २०११ मध्ये पोलीस गोळीबारात एका मच्छीमाराचा बळी गेला. विश्वास बळाने मिळत नसतो.

माझी मागणी साधी आहे. अणुकेंद्राभोवतीच्या हवेची, पाण्याची व दुधाची तपासणी नियमित व्हावी आणि तिचे आकडे मराठीत, गावच्या फलकावर लागावेत. आपत्तीच्या वेळी कोणी कोठे जावे, याचा सराव शाळांतून व्हावा. निवासी शाळांचा विचार त्यात प्रथम व्हावा, कारण तेथे शेकडो मुले आईबापांपासून दूर, शिक्षकांच्या भरवशावर असतात.

प्रिप्यातच्या त्या शनिवारी शिक्षक वर्गात शिकवीतच होते. त्यांची निष्ठा कमी पडली नाही. त्यांना माहिती मिळाली नाही. आपल्या शिक्षकांवर अशी वेळ येऊ नये, यासाठी प्रश्न विचारीत राहणे हे आपल्यासारख्या शिकून बाहेर पडलेल्यांचे कर्तव्य आहे.